बुधवारची परी

त्या सकाळी दात घासत अंगणात आले आणि ब्रश तोंडातच राहिला. माझ्या सातही पऱ्यांच्या कपाळाला कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं.

मी सहसा दचकत नाही. हदगावच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून उभी हयात गेली, माणसाच्या पोटातून काय काय निघतं ते या डोळ्यांनी पाहिलंय. पण हे पाहून हबकले. आमच्या घरात देव नाही. आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देवघरातले टाक कयाधू नदीत सोडून दिले होते. त्या घरात सून म्हणून आलेली मी, आणि माझ्याच हातनं अंगणात सात देव बसले!

खरं तर मी बाग केली होती. माझ्या नातीसाठी, सम्यकासाठी. माझा मुलगा आनंदराज लातूरला शिकवणीच्या वर्गात गणित शिकवतो. मागच्या उन्हाळ्यात त्याची लेक इथं आली नि दुसऱ्याच दिवशी रडायला लागली. "इथं काहीच नाही. मला घरी जायचंय." हे तिचं घर नव्हे तर मग कुणाचं? यंदा तिनं फोनवर पुस्तकातलं चित्र दाखवलं. "आजी, अशी पऱ्यांची बाग करशील? सात पऱ्या. एकेका वाराची एकेक. बुधवारची माझी, कारण मी बुधवारी झाले. केलीस तर मी अख्खी सुट्टी राहीन." मी म्हटलं, केलीच म्हणून समज.

मग काय, लागले कामाला. नदीच्या पात्रातून गुळगुळीत दगड आणले, त्यांना नाकडोळे रंगवले. घरात जुन्या एक्सरेच्या फिल्मा पडल्या होत्या, त्यांचे पंख कापले. एका परीच्या पंखात कुणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या, पण उन्हात काय चमकायची पोरगी! करवंट्यांची घरं केली, फुटक्या फरशीची वाट, गवती चहाचं जंगल, भोवती चिनी गुलाब. जागा निवडली बोअरच्या नळाशेजारची, कारण तिथं ओल असते.

माझ्या सासूबाई सरजाबाई ओसरीवर बसून सगळं बघत होत्या. ऐंशी पार केलेली बाई, बोलणं कमी, पण बोलली की वर्मावर.

"पान्याजवळ सात दगडं मांडून राहिलीस?" त्या म्हणाल्या. "लोकं डोकं टेकवतेन बघ."

"टेकवू द्या की आत्या. पऱ्या हायत त्या."

"दगडाचा देव झाला ना बाई, की आपुन दुरून."

मी हसले. "आपल्याच अंगणात?"

मला वाटलं, म्हातारपण आहे, चालायचंच.

तर, हळदीकुंकू. आमच्या बोअरवर उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया घागरी भरतात, त्यामुळे चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या चतुराबाईनं स्वतःच सांगितलं. चतुराबाई बाई सोन्यासारखी. माझे मालक गेले तेव्हा पहिली धावून आली ती हीच. तिचं एकच होतं, तिनं माझ्या घरचा चहा कधी घेतला नाही. विचारलं की उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आणि वार सापडलाच नाही तर दाढ दुखायची. मी विचारायचं सोडलं नव्हतं, तिनं उपास सोडला नव्हता.

"शिस्टरबाई, तुमी साती आसरा बशिवल्या, लई ग्वाड काम केलं," ती म्हणाली.

साती आसरा म्हणजे पाण्याकाठच्या सात बहिणी-देवता. हे मला तेव्हा आठवलं. विहिरीवर, नदीवर सात दगड मांडलेले मी लहानपणी शंभरदा पाहिले असतील. पण पूजेची सवयच नसलेलं डोकं, त्यात ते आलंच नाही.

"अहो, आसरा कुठल्या? पऱ्या हायत त्या, पऱ्या! लेकराच्या खेळायच्या."

"तेच की. तुमी परी म्हणा, आमी आसरा म्हणतो. पंख बी हायेत, पानी बी हाय. आन् सातच कशा काय हो मग?"

आठ केल्या असत्या तर सुटले असते!

मी पऱ्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हळदीकुंकू. पुन्हा धुतल्या. तेवढ्यात चतुराबाईचा नातू तापानं फणफणला. मी औषध पाजलं, रक्त तपासायला लावलं, डॉक्टरांकडं उभं राहून दाखवलं. पोरगं बरं झालं. शुक्रवारी चतुराबाई दहीभात, खण आणि हिरव्या बांगड्या घेऊन आली. मला वाटलं, माझ्यासाठी आणलं. ती माझ्या बाजूनं पुढं गेली आणि पऱ्यांची ओटी भरली. औषध माझं, नवस त्यांचा! त्या दिवशी पऱ्यांना शेंदूरही लागला. त्यांचे रंगवलेले डोळे झाकून गेले.

मग गल्लीबाहेरच्या बायाही यायला लागल्या.

मी आनंदराजला फोन केला. तो आधी हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई, ते दगड उचलू नको. आता बिलकुल हात लावू नको. कुणी व्हिडिओ काढला ना, तर घर कुणाचं ते बघून पुढचं आपोआप होईल."

"अरे, माझेच दगड आहेत."

"होते," तो म्हणाला.

फोन ठेवला. माझं अंगण, माझे दगड, माझं पाणी, आणि भीती पण मलाच! एक मात्र मी त्याला सांगितलं नाही. ज्या बाया घागर भरून फाटकातूनच परतायच्या, त्या आता अंगणात बसून गाणी म्हणत होत्या. मला ते बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं.

सम्यका आली ती अशा दिवसांत. आनंदराज रिक्षातून पिशव्या काढत होता, तोवर ही बूट वाजवत थेट नळाकडं धावली. चतुराबाई तिथं घागर भरत होती. पोरीनं शेंदराखालूनही आपली परी ओळखली, कारण बरगड्यांचे पंख मी तिला फोनवर दाखवले होते.

"बुधवारची!" ती ओरडली आणि तिनं हात पुढं केला.

"ए, ए पोरी!" चतुराबाईनं घागर सोडून तिचा हात बाजूला सारला. "हात लावू नको. दुरून पाया पड."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या जन्मभराच्या मोठ्या आवाजाला त्या वेळी काय झालं, मला अजून कळत नाही. आनंदराजच्या हातात पिशव्या तशाच होत्या.

सम्यकानं आपला तळहात पाहिला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आजी," ती म्हणाली, "माझा हात घाण नाहीये. मी बसमध्ये सॅनिटायझर लावलंय."

ओसरीवर काठी वाजली. सासूबाई उठल्या होत्या. कुणाचा हात न धरता त्या पायरी उतरल्या, नळापाशी आल्या, खाली वाकल्या आणि बुधवारची परी उचलली. नळाखाली धरली. अंगठ्यानं शेंदूर घासायला लागल्या. लाल पाणी त्यांच्या मनगटावरून वाहत होतं. मी फाटकाकडं बघत होते, कुणी मोबाईल काढतंय का ते. सासूबाई कुठंच बघत नव्हत्या. डोळे दिसेपर्यंत त्यांनी घासलं, पदरानं पुसलं आणि परी पोरीच्या हातात ठेवली.

"घे. तुझ्या आजीनं केलीय. खेळ."

चतुराबाई गडबडीनं म्हणाली, "माय, म्या तसं न्हाई म्हणलं वो. देवाला समद्यांनीच दुरून..."

"तू न्हाई म्हणलीस बाई," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "तुझ्या तोंडाला सवय हाय, त्यानं म्हणलं. हिमायतनगरकडं आमच्या गावात म्या हिच्याएवढीच व्हते. हिरीवर उभी ऱ्हायाची. वरून कुणी वतंल तवा पानी. त्या हिरीवर बी सातच दगडं व्हते. दुरून पाया पड म्हणायचे. म्या पडायची."

एवढं बोलून त्या ओसरीवर जाऊन बसल्या. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ही विहीर मला माहीत नव्हती. मला त्यांच्याकडं बघवेना. चतुराबाई अर्धी भरलेली घागर घेऊन गेली. नळ तसाच वाहत राहिला.

रात्रभर मी गल्लीचा कानोसा घेतला. कुणी आलं नाही. सकाळी उठले तर सम्यका नळाशी बसलेली. सातही पऱ्यांना तिनं साबणानं आंघोळ घातली होती, करवंट्यांत झोपवलं होतं, आणि हिरव्या बांगड्यांचं कुंपण केलं होतं.

फाटक वाजलं. चतुराबाई. रिकामी घागर कडेवर, डोळे सुजलेले. आता ही काय बोलते?

ती माझ्याकडं आलीच नाही. बांगड्यांच्या कुंपणाबाहेर जरा लांबच उकिडवी बसली.

"मला एक दे की बाई," ती सम्यकाला म्हणाली. "बगू दे, कशी हाय ती."

सम्यकानं तिला नीट निरखून पाहिलं.

"आधी हात धुवा," ती म्हणाली.

ओसरीवर सासूबाईंनी मान वर केली. चतुराबाई उठली. तिनं घागर खाली ठेवली, आमच्या नळाखाली दोन्ही हात धरले, आणि चोळचोळून धुतले. मग ओले हात लेकरापुढं पसरून उभी राहिली.