डब्यातला ठेका

देवजीशेठच्या बेंजो पार्टीत माणसं दोनच उरली होती. कीबोर्डावर कृष्णात आणि काठ्यांनी वाजवायच्या ड्रम पॅडवर पोपट. बाकीच्यांपैकी कोणी रिक्षा घेतली, कोणी कंपनीत चिकटलं. त्यात त्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत कीबोर्डात पाणी शिरलं आणि तो कायमचा गप्प झाला. पोपटच्या पॅडावरचे आठातले तीन चौकोन आधीच मुके होते. तुळशीचं लग्न उरकलं की गावोगाव हळदी सुरू होणार, त्याच्या आत नवं सामान घेणं भाग होतं.

देवजीशेठ शिरवण्याचा. शेती सिडकोनं घेतली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यानं चार मजले चढवले. तळमजल्याची एक खोली पार्टीला दिली होती. संगीतातलं त्याला एवढंच कळायचं, की बाया नाचल्या तर पार्टी चांगली. ते काही चूक नव्हतं.

गिरगावातल्या दुकानदारानं दोन रस्ते दाखवले.

"सुटं घ्या," तो म्हणाला. "एक सिंथेसायझर, वेगळे पॅड, पॅडाचं वेगळं मशीन. नाहीतर हा घ्या, ग्रूवबॉक्स. नवीन आलाय. ड्रम, बास, सिंथ, सगळं ह्याच्यातच. एक माणूस पुरतो."

एक माणूस पुरतो. दुकानदार हे पंखा विकल्यासारखं सहज बोलून गेला.

कृष्णातनं आधी सिंथेसायझरवर बोट ठेवलं. आवाज पोटात उतरला. मग त्यानं डब्याची बटणं दाबून पाहिली. आवाज पातळ, सगळे चकचकीत आणि सगळे सारखे. सुटं सामान चांगलं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"यात हलदीचा ठेका हाय?" देवजीशेठनं विचारलं.

"तो नाही. आतले सगळे फॉरेनचे आहेत."

"मंग काय कामाचा?" म्हणत देवजीशेठ वळलासुद्धा.

आणि कृष्णातची जीभ वळवळली. कोणाकडे न शिकता, डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी माहितीपुस्तकं वाचलेला हा माणूस. आपल्याला येतं ते दाखवल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

"घालता येतो शेठ. एकदा घातला की कायमचा."

एवढंच बोलला. गप्प राहिला असता तर त्याच दुपारी सुटं सामान टेम्पोत चढलं असतं. देवजीशेठनं दुकानदाराला थोडी रक्कम दिली आणि डबा आठ दिवसांच्या बोलीवर शिरवण्याला आणला.

"घालून दाखव," तो म्हणाला. "रविवारी तू बोलशील तो घेतो. सुटं बोल नायतर डबा बोल. मना त्यातलं काय कलत नाय."

हळदीच्या ठेक्यात तिसरा ठोका किंचित मागं राहतो. किती मागं, ते लिहून देता येत नाही. चालता चालता बाई डोक्यावरचा हंडा सावरते, तेवढा. डब्याला नेमकी उलटी खोड होती. मागंपुढं पडलेला ठोका तो आपसूक सरळ जागेवर सरकवायचा. कृष्णात बटणं बडवायचा आणि आतून शाळेची कवायत बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी त्यानं पुस्तकात शोधून ती सरळ करण्याची खोड बंद केली. तरी जमेना. आता ठोका मागं राहायचा, पण लंगड्यासारखा. कृष्णातच्या हातात तो नव्हताच. त्याचे आईबाप साताऱ्याकडचे, ठेका खाडीकाठच्या कराव्याचा, पोपटच्या गावचा. तो होता पोपटच्या हातात.

पाचव्या दिवशी त्यानं पोपटला बोलावलं. जुन्या पॅडाचे जिवंत पाच चौकोन डब्याला जोडून ठेवले होते.

"जरा वाजव. मशीन तपासायचंय."

"काय वाजवू?"

"हळदीचं. संथ, मग पळतं, मग नवरीला उचलून नाचवतात तेव्हाचं."

"यो तर अख्खा कारेक्रम झाला," पोपट हसला. "आनि नाचाला कोन? तू नाचतोस का परकर नेसून?"

"वाजव रे."

पोपटनं काठ्या उचलल्या आणि वाजवलं. अर्धा तास वाजवलं, हातचं काही न राखता. बाहेर नळावर दोन बाया हंडा भरून वाहायला लागला तरी उभ्याच राहिल्या. डब्यावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लुकलुकत होता. कृष्णात त्या दिव्याकडेच बघत होता, पोपटकडे नाही.

"झालं तपासून?"

"झालं."

"काय करतो यो डबा?"

"आवाज बघत होतो फक्त."

पोपटनं दिव्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, कृष्णातला समजलं नाही. "चा पाज मंग," तो म्हणाला. चहा पिताना नवे पॅड आले की काठ्याही नव्या घ्यायच्या, असं काहीतरी बोलत राहिला.

लोक म्हणतात यंत्रं माणसांच्या पोटावर पाय देतात. यंत्राला पाय नसतात. पाय कृष्णातचे होते आणि ते त्या संध्याकाळी जुईनगरला घरी गेले.

घरात बाप, जोतीराम. तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होता, कांद्याच्या गोणींनी पाठ मोडली आणि शेवटी घरी बसला. पाठ गेल्यावरही दोन वर्षं टोळीनं त्याला वाटा दिला होता. तो नुसता वजनकाट्याजवळ बसून असायचा आणि संध्याकाळी बाकीच्यांइतकाच पगार घेऊन यायचा. कृष्णातची बारावी त्याच पगारावर झाली.

"काय ठरलं तुमच्या मशीनचं?"

"डबा बरा पडंल आबा. एकट्याला झेपतं."

"आन् दुसरा?"

"बघंल कुठंतरी. त्याच्या गावात लोकांना भाडी येत्यात."

"त्याच्या घरात येतंय का भाडं?"

पोपटच्या बापाकडे जमीन नव्हती, मासे धरायला खाडी होती. खाडीच्या बदल्यात प्लॉट कोण देतं?

"मला दोन वर्सं बसून खायला घातलं टोळीनं," जोतीराम म्हणाला. "ह्यो उचलतो किती, ते कुणी इचारलं न्हाई."

"ते मार्केट आहे, आबा. तिथं गोणी वाहायच्या असतात. हे कलेचं काम आहे."

"मग लईच घाण काम हाय तुमचं," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे कूस वळवून पडला.

रविवारपर्यंत कृष्णातनं स्वतःला बरंच काही पढवलं. मी नाही म्हटलं तर शेठ दुसरा कोणी आणेल आणि तो डबाच घेईल. जमाना तिकडेच चाललाय. पोपट कधीतरी दारू पिऊन येतोच. हे शेवटचं खोटं होतं. चार वर्षांत पोपट एकदाच पिऊन आला होता, बाप वारला त्या आठवड्यात. खरं कारण सरळ होतं. पार्टीच्या फलकावर एकच नाव आलं असतं आणि ते त्याचं असतं.

देवजीशेठ जिन्याखाली खुर्ची टाकून बसला होता. डबा समोर स्टुलावर. कृष्णातनं बटण दाबलं. पोपट वाजायला लागला. तिसरा ठोका जिथं राहायला हवा तिथंच मागं राहिला. देवजीशेठचा पाय आपोआप हलायला लागला.

"यो तर अस्सल पोपट हाय," तो म्हणाला. "बोल मंग. काय घेऊ?"

"डबा घ्या."

"आनि पोपट?"

"त्याचं सगळं ह्यात आहे."

देवजीशेठनं हलता पाय थांबवला. तोही काही दगड नव्हता. "त्याला सांगशील तू?"

"तुमीच सांगा शेठ. मालक तुमी."

देवजीशेठनं सांगितलं नाही. कृष्णातनंही सांगितलं नाही. न सांगण्याचं काम दोघांनी मिळून चोख केलं. पोपट दोनदा खोलीवर येऊन कुलूप बघून गेला. तिसऱ्यांदा आला नाही.

सीझनची पहिली सुपारी नेमकी कराव्याची लागली. पोपटच्या आळीपासून दोन आळ्या पलीकडचं घर. संध्याकाळी मांडव भरला, कृष्णातनं टेबलावर डबा मांडला, वर नवं कापड घातलं आणि बटण दाबलं. बाया उठल्या. पोरी उठल्या. नवरीचे मामा टॉवेल उडवायला लागले. "पोपट्या पेटलाय आज," कोणीतरी गर्दीतून म्हणालं. स्टेजकडे बघण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

कृष्णात डब्यामागं उभा होता. मधेमधे एक सूर दाबायचा. हाताला दुसरं काम नव्हतं.

मग यशोदाबाई उठल्या. त्या गावच्या धवलारीण. लग्नाचे धवले त्यांनी गायल्याशिवाय कराव्यात हळद लागत नव्हती. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, तरी प्रत्येक घराचा उंबरठा पायाला पाठ. त्यांची एक रीत होती. पहिली हळद नवरीला नाही, वाजवणाऱ्याच्या हाताला. ते हात आता घरच्यांसाठी राबणार, म्हणून त्यांचा मान आधी. वाटी घेऊन एका पोरीच्या खांद्यावर हात ठेवत त्या ठेक्याच्या दिशेनं चालत टेबलापाशी आल्या.

"पोपट, हात दे रं."

कृष्णातनं इकडेतिकडे पाहिलं. देवजीशेठ लांबून डोळ्यांनी खुणावत होता: दे, दे. कृष्णातनं दोन्ही हात पुढं केले.

म्हातारीनं ते धरले. अंगठ्यांनी तळवे चाचपले, मनगटाशी आली आणि थांबली.

"यो पोपट नाय. यो वाजवतच नाय, थंड हात हायत."

"मावशी, मी कृष्णात. लावा ना तुमी हळद."

"तुला काय म्हनून लावू? वाजवतंय त्याला लावाची हाय. कोन वाजवतंय?"

नाचणाऱ्या बाया जवळच्या जवळ थांबत गेल्या. मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ हातात भाताची पत्रावळ घेऊन पोपट उभा होता. घरचं आमंत्रण होतं, आला होता. आता सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि ठेका तर चाललेलाच.

"मीच वाजवतंय, मावशे," पोपट तिथूनच म्हणाला. "आज लांब उभा राहून वाजवतंय."

कोणी हसलं नाही.

"मंग ये इकरं."

पोपटनं पत्रावळ खाली ठेवली, हात पुसले, गर्दीतून टेबलापाशी आला. कृष्णातच्या शेजारी उभा राहिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. हात पुढं केले. यशोदाबाईंनी तेही धरले, बराच वेळ धरले.

"तुजं पन थंड," त्या म्हणाल्या.

पाठीमागं त्याचाच ठेका संथ संपवून पळत्यावर गेला. कृष्णातला बटण कुठं आहे ते माहीत होतं, हात तिथून वीतभर लांब होता. तो हलला नाही. देवजीशेठ आला आणि त्यानं आवाज वाढवला.

यशोदाबाई हळदीची बोटं तशीच हवेत धरून उभ्या होत्या. पाटावर बसलेली नवरी वाट बघत होती.