पंचफुलाचं बोंडलं

मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका, तुमच्या आजीला विचारा. पेरूएवढं गोल पोट, वर दूध ओतायला तोंड आणि पुढं चोचीसारखी निमुळती नळी, एवढाच माझा थाट. ज्या बाळाला आईचं दूध मिळत नाही, त्याच्या ओठाला ती नळी लावायची आणि थेंब थेंब दूध पाजायचं, हे माझं काम. आता मी एका पत्र्याच्या पेटीत असतो. सोबतीला कापडाची एक वात आहे आणि एक जुनं पोस्टकार्ड. त्या दोघांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी व्हायची नाही.

माझा जन्म मलकापूरचा. तिथल्या एका तांबटानं पितळेचा पत्रा ठोकून मला पोट दिलं, नळी वेगळी वळली आणि डाख देऊन जोडली. पोट त्यानं आतबाहेर घासून गुळगुळीत केलं. नळीच्या आत मात्र जोडाचा एक खडबडीत कंगोरा राहून गेला. "राहू दे बे," तो जोडीदाराला म्हणाला, "नळीच्या अंदर कोन पाह्यते?"

खरंच कुणी पाहिलं नाही. मंजुळाबाई नावाच्या एका आईनं मला उन्हात धरून फिरवलं, माझ्या पोटात स्वतःचा चेहरा पाहिला आणि लेकीच्या बाळंतविड्यात मला बांधून घेतलं. टोपडी, झबली, दुपटी यांच्यासोबत मी मोताळ्याजवळच्या एका खेड्यात आलो.

ती लेक म्हणजे पंचफुला. तिला पहिली मुलगी झाली होती, आशा. पंचफुलाच्या अंगावर दूध भरपूर, त्यामुळे मला काम काही नव्हतं. मी फळीवर बसून नुसता चमकायचो. बिनकामाचा, पण तोरा केवढा! येणारी प्रत्येक बाई माझ्याकडं बघून जायची आणि मी फुगायचो.

मग त्या घरावर घाला पडला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. पंचफुलाचा नवरा किसन मलकापूरच्या एका जिनात कापसाच्या गाठी उचलायला जायचा. चार दिवसांच्या तापात तो गेला. तेव्हा आशा तीन वर्षांची होती आणि शेषू पोटात. घरात उरली सासू रुखमाबाई, एक शेळी आणि पंचफुलाचे दोन हात.

शेषूच्या बाळंतपणाला अन्नपूर्णाबाई नावाच्या नर्सबाई आल्या होत्या. बाई कामाच्या आणि बोलायला सडेतोड. पंचफुला सहावी शिकलेली आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, मग रडत काय बसलीस? सातवीची परीक्षा दे. नर्सच्या शाळेत तुझ्यासारखीला आधी घेतात. शिकताना थोडे पैसे मिळतील, पुढं नोकरी लागेल. लेकरांचं भलं होईल."

गावात तोंडं काय कमी असतात? शेजारची तानाबाई म्हणाली, "दोन लेकरायची माय शिकून कोनते दिवे लावनार हाये?"

रुखमाबाई तिथंच शेळीचं दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवे नाई लावले तं चूल तं पेटवील! तू काऊन जयते वं?"

मला रुखमाबाई तेव्हापासून आवडायला लागली. पुढं जे झालं त्यानंतरही ती मला आवडतेच, हे आधीच सांगून ठेवतो.

गावातल्या शाळेच्या जानराव गुरुजींनी जुनी पुस्तकं दिली. दिवसभर पंचफुला दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, पुस्तक पदरात बांधून. घरी आली की झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, मांडीवर पुस्तक आणि हातात सूप. दाणे पाखडता पाखडता ती नद्या पाठ करायची, इतक्यांदा की चार वर्षांची आशा अंगणात लंगडी घालताना त्याच नद्या म्हणायची. पंचफुला अडली की आशा पुढची नदी सांगायची, आणि मग दोघी हसायच्या. त्या घरातलं हसू मला एवढंच आठवतं.

ती पास झाली. जून महिन्यात घाटावरच्या नर्सच्या शाळेतून पत्र आलं. एक जुलैला हजर व्हायचं, दोन वर्षं तिथंच राहायचं, मुलांना सोबत आणता येणार नाही. शेषू तेव्हा अकरा महिन्यांचा होता आणि आईच्या दुधाशिवाय कशालाही तोंड लावत नव्हता. हातात दिवस होते अठरा. तेवढ्यात शेषूचं अंगावरचं दूध सुटलं नाही, तर पंचफुलाची नर्सची शाळा सुटणार होती.

रुखमाबाईनं मला फळीवरून काढलं. अखेर माझा दिवस आला, असं मला वाटलं. पण शेषूनं पहिल्याच घोटाला मला असा फटका मारला की मी चुलीपाशी जाऊन पडलो. पंचफुलानं कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावला. शेषू तोंड वाकडं करून रडायचा, पुन्हा तिथंच तोंड न्यायचा, पुन्हा रडायचा. तो रडायचा आणि तीही रडायची. कडू तिनं स्वतःच्या हातानं लावलं होतं.

बारा दिवस गेले. शेवटी रुखमाबाई म्हणाली, "तू घरात असली तं हा मानत नाई. जाय, तानाबाईच्या गोठ्यात बस."

पंचफुला दोन घरं सोडून गोठ्यात जाऊन बसली. शेषूचा आवाज तिथंही पोचत होता. सकाळ गेली, दुपार कलली. त्याचा आवाज बसला. मग भुकेनं थकलेल्या त्या पोरानं माझी नळी ओठात धरली. एक घोट, दुसरा घोट. मित्रांनो, मी जिंकलो होतो. रडणं थांबलं म्हणून पंचफुला धावत आली आणि दारातच थबकली. शेषू माझ्याकडून दूध पीत होता, डोळे मिटून. तिनं तोंडात पदर कोंबला. अशी जीत कुणाच्या वाट्याला येऊ नये.

जाताना मोताळ्याच्या एसटीवर तिनं शेषूला उचललं नाही. उचललं असतं तर ती गेलीच नसती. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा फाडून माझ्याभोवती गुंडाळला, पाजताना लेकराला आईचा वास यावा म्हणून. रुखमाबाईनं शब्द दिला, "पंचफुले, तुयं बोंडलं मी एक दिस मळकं ठेवनार नाई. जाय बिनघोर."

तिनं शब्द पाळला. रोज सकाळी चिंच आणि राख घेऊन ती मला घासायची. असं घासायची की सूर्य माझ्यात उतरायचा. बायका म्हणायच्या, "रुखमाबाई, भांडं असावं तं असं!" आणि मी, मूर्ख मी, फुगायचो.

पण नळीच्या आत तो कंगोरा होता. तिथं दुधाचा एक थेंब अडकायचा, मग दुसरा. ते दूध आंबत होतं, चिकट होऊन बसत होतं. रुखमाबाईचं बोट तिथं पोचत नव्हतं आणि तिला ते कुणी सांगितलंही नव्हतं. मला आतून कळत होतं. मला तोंड होतं, नळी होती, पण वाचा नव्हती.

आता घाटावर काय झालं ते ऐका. हे मला फार उशिरा कळलं. पोळा होऊन गेला आणि एका सोमवारी पंचफुलाच्या वर्गात तान्ह्या बाळांच्या दुधाचा धडा झाला. दुधाचं भांडं आतून धुवावं, उकळावं. नळीच्या भांड्यात दूध नासतं आणि बाळाला हगवण लागते. पंचफुलानं त्याच दुपारी पोस्टकार्ड लिहिलं. नळीतून कापडाची वात ओढा, बोंडलं रोज उकळा, नाहीतर वाटी-चमच्यानं पाजा.

पत्ता लिहिला आणि तिचा हात थांबला. रुखमाबाईला वाचता येत नव्हतं. गावात कार्ड आलं की जानराव गुरुजी ते पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि अर्धं गाव कान देऊन बसायचं. सून घाटावर गेली आणि सासूला भांडी घासायला शिकवते, असं झालं असतं. ज्या बाईनं साऱ्या गावाशी भांडून आपल्याला शिकायला धाडलं, तिची मान पारावर खाली घालायची? पंचफुलाला ते जमलं नाही. दिवाळीला घरी गेल्यावर जवळ बसून हळूच सांगू, असं तिनं ठरवलं. कार्ड वहीत ठेवून दिलं.

दिवाळीपर्यंत शेषू थांबला नाही.

भादव्यात त्याला हगवण लागली. रुखमाबाईनं काय काय केलं! जायफळ उगाळलं, नजर काढली, मोताळ्याहून औषध आणवलं. आणि दर घटकेला मला आणखी घासून, आणखी चमकवून, त्याच्या ओठाला लावलं. तो प्यायचा. इतका प्यायचा. मीच त्याला काय पाजत होतो, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं नळी सोडली ती पुन्हा धरली नाही.

निरोप घाटावर पोचून पंचफुला आली, तेव्हा शेषूला मातीआड करून माणसं परतली होती. संध्याकाळी तिनं मला हातात घेतलं. माझ्याभोवतीच्या लुगड्याची एक चिंधी फाडली, पिळून वात केली आणि नळीतून ओढली. वात काळीपिवळी होऊन बाहेर आली. तो वास मी विसरू शकत नाही, कारण तो माझाच होता.

"काय पाह्यतं वं?" कोपऱ्यातून रुखमाबाईनं विचारलं. रडून तिचे डोळे सुजले होते.

पंचफुलानं मूठ मिटली. "काई नाई, आत्याबाई. साफ हाये."

चौथ्या दिवशी रुखमाबाईनंच तिचं गाठोडं बांधलं. "जाय," म्हणाली. "एक गेला. आता दुसरीले उपाशी ठेवतं का?" पंचफुला गेली. जाताना मला आणि ती धुतलेली वात सोबत घेऊन गेली. सासूला म्हणाली, बोंडलं मोडीत देते.

तिनं मला मोडीत दिलं नाही. ती नर्स झाली आणि मी तिच्या पिशवीत राहिलो. गावोगाव ती आयांना जमवायची, माझ्या नळीत वात घालून दाखवायची, पाणी उकळायला लावायची. एकेकाळी माझं कौतुक व्हायचं, आता बायका माझ्याकडं बघून तोंडं वाकडी करायच्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मात्र सासूच्या कानावर जाईल अशा ठिकाणी तिनं मला कधी बाहेर काढलं नाही.

शेषू गेल्यावर बारा वर्षांनी तिची बदली लोणार तालुक्यात बीबीला झाली. रुखमाबाई म्हातारी होऊन तिच्याजवळ राहायला आली होती. एकदा ओसरीवर बायका जमल्या. पंचफुला तोंडानंच समजावत होती. एक तरुण आई आपलं बोंडलं पुढं करून म्हणाली, "बाई, रोज घासतो आमी चिंचेनं. पाहा ना, कसं चमकून राह्यलं!"

तेवढ्यात आतून रुखमाबाई आली, भिंतीला धरत. तिच्या हातात मी होतो. पंचफुलाच्या पिशवीत तिनं मला केव्हा शोधलं होतं, कोण जाणे.

"हे बी असंच चमकत होतं, माय," ती त्या पोरीला म्हणाली. "मीच घासत होती. माया नातू याच्यानंच गेला. आतून धुवाचं रायलं."

पंचफुला उठून उभी राहिली. "आत्याबाई, तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? त्या दिशी तुयी मूठ पाह्यली होती म्या. तू बोलली नाई, म्हून म्याबी इचारलं नाई. बारा वर्सं झाली."

पंचफुला आत गेली आणि ते पोस्टकार्ड घेऊन आली. सासूच्या पायाशी बसून तिनं ते वाचून दाखवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. "माहीत होतं मले," ती म्हणाली, "आठ दिस आधी. तुमाले लाज वाटन म्हून नाई धाडलं."

रुखमाबाईनं कार्डावरून हात फिरवला. तिला अक्षर येत नव्हतं. "धाडाचं होतं वं," ती म्हणाली. "लाजेनं मी मेली नसती." मग तिनं सुनेचं डोकं पोटाशी धरलं, आणि दोघी त्या सगळ्या बायकांसमोर मोकळ्यानं रडल्या. शेषूसाठी त्या दोघी एकत्र रडल्या त्या तेव्हा पहिल्यांदाच.

आता रुखमाबाई नाही आणि पंचफुलाचेही केस पांढरे झालेत. माझी चकाकी गेली, पोटाला पोचे आले. मला त्याचं काही नाही. मित्रांनो, तुमच्याकडं एकच मागणं आहे. भांडं घासाल तेव्हा बोट पोचत नाही तिथंही पोचा. आणि आपल्या माणसाला सांगायची गोष्ट त्याला वाईट वाटेल म्हणून वहीत ठेवू नका. मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

ते कार्ड अजून माझ्याशेजारी आहे. त्यावर मजकूर पुरा आहे, पत्ताही बरोबर आहे. टपालाचा शिक्का तेवढा नाही.