विहिरीवरची चिंधी

डिम्पनाने तिसऱ्या पोत्याची गाठ सोडली आणि सगळा कचरा रस्त्याच्या कडेला ओतला. चिप्सची पाकिटं, बिअरचे डबे, एक फाटका बूट. कॉलेजची पोरं हातातले चिमटे तसेच धरून बघत राहिली.

"अहो, हरवलंय काय? सांगा तरी," एकजण म्हणाला.

"हरवलं नाही, तुम्ही नेलंय. विहिरीच्या झाडावरचं कुठल्या पोत्यात कोंबलंत?"

आमच्या गावाला स्वच्छ गावाच्या स्पर्धेचं भारी वेड. परीक्षक येणार म्हटलं की समितीचा फार्गल गोठ्यातल्या गायीसुद्धा पुसून घेईल. यंदा त्याने गॉल्वे शहरातून कॉलेजची पोरं बोलावली आणि फर्मावलं, "पडलेलं, लोंबणारं, सगळं उचला." पोरांनी संत ब्रिजिटच्या विहिरीवरचं झाडही साफ केलं. त्या झाडाला आजाऱ्याच्या कपड्याची चिंधी बांधतात. ती कुजत जाते तसं दुखणं उतरतं. एका दुखण्याला एकच चिंधी, आणि तिला कुणी हात लावायचा नाही. जो काढेल, दुखणं त्याला लागतं.

डिम्पनाने फेब्रुवारीत नवऱ्याच्या, कॉलमच्या, पायजम्याची निळी पट्टी बांधली होती. त्याच्या फुप्फुसांचा विषय काढला की डॉक्टर आता हवापाण्याच्याच गप्पा मारत. ती काही मोठी भाविक नव्हे. शाळेपुढे 'थांबा'ची पाटी धरून गावची पोरं रस्त्यापार नेण्यात तिचा जन्म गेला. पण बुडत्याला काडीचा आधार. रोज जाऊन ती पट्टी बघून यायची.

"अगं, वेड लागलं का?" फार्गल धावत आला. "उद्या परीक्षक येताहेत! कचऱ्याची गाडी आलीच बघ!"

"परीक्षकांना घाल चुलीत. गाडी थांबव."

चौथ्या पोत्यात चिंध्याच चिंध्या होत्या. तिने दोन्ही हात आत घातले आणि निळी पट्टी बाहेर आली. कडेचे दोरे आत्ता कुठे सुटायला लागले होते. डिम्पनाने ती मुठीत घट्ट धरली. अजून वेळ गेली नव्हती, धावत जाऊन बांधता येईल असं तिला वाटलं.

"काकू, ती मीच सोडली." क्लोडा समोर उभी होती. गावचीच पोर, आता गॉल्वेला शिकणारी. एकेकाळी डिम्पनाचं बोट धरून रस्ता ओलांडायची. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आजी सांगायची ते विसरलेच मी. तुमची आहे का ती? मला होईल का आता?"

डिम्पनाला त्या पोरीचा राग आला. खरा राग, एक थोबाडीत द्यावी असा. पण पोर पट्टी सोडलेले हात कपड्यांना पुसत होती.

"छे गं! कॉलमला उतार पडलाय. मीच सोडून टाकणार होते ही."

"मग एवढं शोधत काय होतात?"

"अंगठी. सकाळी पट्टी बघताना पडली वाटलं. आणि ही बघ, बोटातच! काखेत कळसा नि गावाला वळसा."

क्लोडा हसली, मग डोळे पुसून पुन्हा हसली. पट्टी अजून डिम्पनाच्या मुठीत होती आणि पोर तिच्या हाताकडे बघत होती. डिम्पनाने ती पोत्यात टाकली. क्लोडाने गाठ मारली आणि पोतं उचलून गाडीत दिलं.

घरी कॉलम उशीला टेकून बसला होता. "पोरांनी झाड साफ केलं म्हणे?"

"केलं."

"माझी?"

"आहे. मी होते ना तिथं. कडा कुजायला लागल्यात."

तो इतका खूश झाला की हसता हसता ढास लागली. "उद्या ने मला. बघायचीय."

"उद्या ते परीक्षक मिरवणार. परवा जाऊ."

त्याचा डोळा लागल्यावर तिने कपाटातून पायजमा काढून दुसऱ्या पायाची पट्टी कातरली. मग परसात उकिडवी बसून ती पट्टी ओल्या मातीत चोळत राहिली, जुनी दिसेपर्यंत.