दोन कानांचा पहारेकरी

मी एक जुना इअरमफ आहे, आणि मित्रांनो, तुमच्या बोलण्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ते कानांत शिरू नये एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. प्लास्टिकच्या दोन वाट्या, आत फोम, वर स्टीलची पट्टी, असे माझे साधे शरीर. पहिली अकरा वर्षे मी पत्रे कापणाऱ्या एका कारागिराच्या डोक्यावर काढली. तिथल्या यंत्राचा आवाज मोठा होता, पण प्रामाणिक होता. यंत्र कधी कुणाच्या भल्यासाठी ओरडत नसे.

पुढे कारागिराला नवा इअरमफ मिळाला आणि मी घरी खिळ्याला लटकलो. एके दिवशी त्याची नऊ वर्षांची मुलगी स्वयंपाकघरातल्या मिक्सरला घाबरून पळत आली आणि तिने मला डोक्यावर चढवले. "बाबा, हा आता माझा," ती म्हणाली. अचानक वाजलेली शिट्टी, खुर्ची ओढल्याचा करकराट तिला अंगावर उकळते पाणी पडल्यासारखा लागे. "फाजील लाड आहेत कार्टीचे," तिची आत्या म्हणे. "लग्नातसुद्धा हेच घालून उभी राहणार आहेस का गं?" आत्याचा आवाज पत्रे कापण्याच्या यंत्राच्या तोडीचा होता, उपयोग मात्र काही नव्हता.

सतराव्या वर्षी मुलगी एका शाळेत पुस्तकबांधणी शिकू लागली. वर्गाने पहिल्याच दिवशी तिचे नाव 'पायलट' ठेवले आणि आपण फार विनोदी आहोत असे मानून घेतले. तिच्या डावीकडे बसणाऱ्या मुलाला सगळे 'भिंगरी' म्हणत. त्याची बोटे, पाय, जीभ यांपैकी काहीतरी सतत चालू असे. पुठ्ठ्यावर टकटक करायची, ती करतानाच पुठ्ठ्याला लावायची खळ कशी सुकते यावर भाषण द्यायचे, आणि भाषण अर्धवट टाकून खिडकीकडे धावायचे. मला तो मुळीच आवडला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मुलीने माझी डावी वाटी कानावरून वर सरकवली. माझा एवढा अपमान कारखान्यातही झाला नव्हता. कारण मला हळूहळू कळले. अचानक सुरू होणारा आवाज तिला चावत असे. भिंगरीचा आवाज कधी सुरूच होत नसे, कारण तो कधी थांबतच नसे. त्याच्या टकटकीवर ती सुई ओढू लागली. एका ठोक्याला एक टाका. बांधणीचे सर वही उलटसुलट करून म्हणाले, "टाके मोजपट्टीने घातलेत की काय तुम्ही?"

मग एका सोमवारी ती त्याला म्हणाली, "मला तू आवडतोस. उत्तर लगेच नको. गुरुवारपर्यंत दे."

"आत्ताच देतो," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत माझ्या लक्षात राहायचं नाही. मलापण तू आवडतेस. खूप. हात धरू?"

"हात नको. बाही धर."

त्याने तिची बाही धरली, आणि पूर्ण एक मिनिट तो खिडकीकडे गेला नाही.

आता शाळेच्या समुपदेशक बाईंविषयी सांगतो. माझी सवय सुटावी म्हणून दर मंगळवारी तासभर त्या मला मुलीकडून काढून आपल्या टेबलावर ठेवत. तो तास मुलगी कशी काढते, हे त्यांनी कधी पाहिले नाही; वहीत मात्र 'प्रगती समाधानकारक' असे लिहिले. अशाच एका मंगळवारी त्यांनी भिंगरीला बोलावले.

"तुझ्या आवाजाचा तिला त्रास होतो, राजा."

त्याची बोटे टेबलावरच थांबली. "तिनं सांगितलं?"

"अशी मुलं सांगत नसतात. आपणच ओळखायचं असतं." त्यांनी एक तक्ता पुढे सरकवला. गप्प बसलेल्या दर दिवसाला एक चांदणी. वीस चांदण्या होईपर्यंत त्याने मागच्या बाकावर बसायचे. वीस झाल्या की पुन्हा तिच्या शेजारी. "आणि तिला काही बोलायचं नाही हं. उगाच मनाला लावून घेईल."

मी तिथेच होतो. पण मी आवाज अडवू शकतो, काढू शकत नाही. आयुष्यात त्या एकाच दिवशी मला याची लाज वाटली.

भिंगरी मागे बसू लागला. हात मांडीखाली दाबून, ओठ मिटून, घामाघूम होऊन. मुलीने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी तिने डावी वाटी खाली ओढली आणि घट्ट दाबली. तिचे टाके वेडेवाकडे पडू लागले. तिच्या हिशेबात गोष्ट सरळ होती: आवाज बंद झाला, म्हणजे आवडणे बंद झाले. बाई वर्गात डोकावून म्हणाल्या, "बघा, किती शांत झालीत दोघं!" शांतता आणि दुःख यांतला फरक न कळणाऱ्या माणसाला शाळेने स्वतंत्र खोली आणि फिरती खुर्ची दिली होती.

वर्षअखेरचे काम जोडीने करायचे होते. जोडीदाराचे नाव शुक्रवारी चारपर्यंत सरांच्या यादीत लिहायचे आणि मग पुढचे सहा महिने ते बदलायचे नाही, असा नियम. मुलीने दुपारीच आपल्या नावापुढे 'एकटी' असे लिहिले. साडेतीनला भिंगरी विसावी चांदणी घेऊन आला आणि तिच्या शेजारी बसून बोलू लागला.

त्याच्या ओठांच्या हालचालीवरून काही कळेना, म्हणून तिने वाटी वर केली. "का आलास? तू तर संपवलंस."

"काय संपवलं?"

"आवाज."

त्याने खिशातून घडी घातलेला तक्ता काढला. मग वीस दिवसांचे साठलेले सगळे एकदम बाहेर पडले. त्यात बाई होत्या, चांदण्या होत्या आणि मध्येच खळही होती. मुलीने सगळे ऐकले. मग त्याची बाही धरून ती त्याला थेट बाईंच्या खोलीत घेऊन गेली.

"अगं बाळा, तुझ्याचसाठी केलं ना सगळं," बाई म्हणाल्या.

"मला विचारलं नाहीत."

"पण तुला आवाज सहन होत नाही ना?"

"तुमचा होत नाही," ती म्हणाली. "याचा होतो."

चारला पाच मिनिटे कमी असताना तिने यादीतला तो शब्द खोडला. भिंगरीने दोघांची नावे लिहिली. एका हाताने लिहीत होता, दुसऱ्याने टेबल बडवत होता. सर म्हणाले, "अरे, माझा चहा सांडेल!" पण हसले.

आता माझा फोम फाटला आहे. त्यावर भिंगरीने बांधणीचे कापड चिकटवले आहे, तेही तिरके. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला उन्हात टाकू नका, माझी पट्टी वाकवू नका, आणि कुणाच्या डोक्यावरून मला परस्पर उचलू नका. शांतता हवी असलेल्या माणसाला ती नेमकी कुणापासून हवी आहे, हे त्यालाच विचारा. उत्तर ऐकायला जड जाईल. बहुधा त्यात तुमचेच नाव असेल.