नाव बदलून सांगतो

आमच्या संस्थेचे सचिव देवमाणूस आहेत असं सगळे म्हणतात. असतील बापडे. पण त्या माणसाच्या हातात माझ्या मुलींसमोर पुन्हा कुणी माइक दिला, तर तो मी हिसकावून घेईन.

मी मुलींच्या वसतिगृहात राहते. कागदावर अधीक्षिका, मुलींच्या तोंडी मावशी. ज्यांना घर नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशा मुली आमच्याकडे येतात. आमच्याकडे कडक नियम एकच. 'तू इथे का आलीस?' असं कुणी कुणाला विचारायचं नाही. बाकी उशिरा उठा, वेणी घालू नका, उशीवरून भांडा, मी बघून घेईन. पण हे विचारलंत तर गाठ माझ्याशी आहे.

त्यातल्या दोघींची ही गोष्ट. एक थोरली. तिचं खरं नाव मी सांगणार नाही; एकदा माइकवरून सांगून झालंय, तेवढं पुरे. ती अठराची झाली, आणि अठराची झाली की मुलीला आमच्याकडून जावं लागतं. कुठे जावं, ते नियम करणाऱ्यांनी लिहिलेलं नाही. पण थोरलीने स्वतःच चार दारं झिजवून पलीकडच्या रस्त्यावरच्या पाळणाघरात काम मिळवलं. कामाला जायलाही लागली होती, आणि महिनाअखेरीस वर माळ्यावर राहायला खोलीसुद्धा मिळणार होती. काय खूश होती! रडणारं पोर तिच्या खांद्यावर दिलं की गप्प व्हायचं, मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी बटण. वय वर्षं नऊ. आली तेव्हा हातात येईल त्या कपड्याची बटणं चावून तोडायची, म्हणून हे नाव पडलं. आई कामाला जाताना दाराला बाहेरून कडी लावायची आणि आत ही आणि तिचा रांगता भाऊ. तेव्हा ही सात वर्षांची. एका दुपारी हिला डुलकी लागली आणि बाळ पाण्याच्या बादलीत गेलं. नंतर नातेवाईक हिला काय म्हणाले, माहीत आहे? 'खाल्लंस ना भावाला!' जिभा झडल्या कशा नाहीत त्यांच्या! आमच्याकडे आल्यापासून ही बादलीला हात लावत नव्हती. आंघोळीचं पाणी दुसरीने काढून द्यायचं, तेही तांब्याने.

तर, देणगीदारांचा मेळावा होता. सभागृह भरलेलं, मागे सतरंजीवर आमच्या मुली. पाळणाघराच्या बाई होत्या, त्यांच्याकडे मुलं ठेवणारे आईबाप होते. सचिवांचं भाषण रटाळ चाललेलं, लोक जांभया देत होते. तेव्हा सचिवांनी आवाज मऊ केला. "आमच्याच एका मुलीची कहाणी सांगतो. नाव बदलून सांगतो हं."

नेमकी त्याच वेळी थोरली त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवत होती, आणि मागून स्वयंपाकीणबाईंनी तिला हाक मारली. कानात पडलेलं नाव सरळ जिभेवर! उचलली जीभ, लावली टाळ्याला. कहाणी बटणची, नाव थोरलीचं. कडी, डुलकी, बाळ, सगळं सांगितलं. बादली तेवढी गाळली, बहुतेक आठवली नसावी. लोकांनी डोळे पुसले आणि वर टाळ्या वाजवल्या. थोरली रिकामा ट्रे धरून तिथेच उभी. 'नाव बदलून' हे दोन शब्द तोवर कुणाच्याही लक्षात राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या बाईंचा फोन आला. "काही दिवस तिला पाठवू नका. ती तेव्हा लहान होती, समजतं मला. पण पालक विचारतायत हो. तान्ह्या बाळांचा प्रश्न आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि इथे तर चोरही कुणी नव्हतं. मी थोरलीला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जा आणि सांग, ती मी नव्हेच."

"मग कोण, असं विचारतील."

"विचारू देत!"

"मावशी, इथल्या सगळ्या मुलींना वाटतंय ती मीच. बटणलासुद्धा." थोरली कपड्यांच्या घड्या घालत बोलत होती. "मला म्हणाली, ताई, तुझ्याही हातून? आणि तरी तुझ्याकडे बाळं देतात? मी हो म्हटलं. आज सकाळी तिने स्वतः बादली भरली. तुम्ही पाहिलंत ना?"

पाहिलं होतं. अर्धीच भरली होती, पण भरली होती. मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी संताप आला. एका पोरीला धीर देण्यासाठी दुसरीने तोंडचा घास सोडायचा, आणि ज्यांनी हा घोळ घातला ते मजेत!

मी तडक सचिवांच्या ऑफिसात गेले.

"पण मी नाव बदललं होतं!" ते म्हणाले.

"हो, आणि आपल्याच दुसऱ्या मुलीचं ठेवलंत!"

"अरेच्चा! त्या नावाची मुलगी आहे का आपल्याकडे?"

दर वर्षी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो हा माणूस!

मी त्यांना बजावलं की रविवारी बाईंना बोलावते, तुम्ही यायचं आणि एकच वाक्य बोलायचं. 'ती कहाणी हिची नाही.' पुढे एक अक्षर नाही. पोपटासारखं तीनदा म्हणून घेतलं. थोरलीलाही समजावलं की बटणच्या कानावर काही जाणार नाही, तुझी नोकरी तेवढी वाचेल. तिने कशीबशी मान हलवली.

रविवारी माझ्या खोलीत आम्ही चौघं बसलो. बटणला मी अंगणात पिटाळलं होतं. सचिवांनी वाक्य म्हटलं, अगदी बरोबर म्हटलं. बाईंचा चेहरा खुलला. "अगंबाई, मग उद्यापासूनच ये की! पोरं तुझी वाट बघतायत." थोरली हसली. तेवढ्यात चिक्कार शिव्या खाऊनही न ऐकणारी बटण दारात येऊन उभी राहिली, कारण हल्ली ती थोरलीला क्षणभर सोडत नव्हती.

एवढ्यावर उठायचं ना? पण लोक गप्प बसले की या माणसाच्या पोटात दुखतं. बटणला पाहून त्यांनी तोच मऊ आवाज काढला. "ये बाळ, ये. खरं सांगायचं तर बाई, ती दुर्दैवी मुलगी म्हणजे आपली ही..."

"मीच," थोरली म्हणाली.

ती उभी राहिली होती. "मावशींनी दम दिला म्हणून सर खोटं बोलले. मीच ती. बाळ माझ्याकडे होतं, मला झोप लागली. सात वर्षांची होते मी."

मी काय करणार होते? तोंड उघडावं तर बटण उघडी पडणार. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ दाताखाली धरून बसले. बाईंनी कप खाली ठेवला. "मला पालकांना तोंड द्यावं लागतं गं," म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

सचिवांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "म्हणजे त्या दिवशी मी बरोबरच नाव घेतलं होतं की!"

मी त्यांना दंडाला धरून खोलीबाहेर काढलं. त्याबद्दल संस्थेच्या समितीने माझ्याकडे खुलासा मागितलाय. देईन, चांगला ठसठशीत देईन.

मग मी बाईंच्या मागे अनवाणी पळाले. त्या फाटकाबाहेर पोचल्या होत्या. "बाई!" मी ओरडले. "सात वर्षांची होती ती! कडी बाहेरून लावली होती! सात वर्षांच्या पोरीला झोप येणार नाही तर काय होणार? तिच्या ताब्यात बाळ देणाऱ्या मोठ्या माणसांना विचारा की जाब! तिला कसला विचारता? तिने काहीही केलं नव्हतं, कळलं का? काहीही!"

रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. बाई वळल्याच नाहीत. कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या.

मी मागे फिरले तर बटण फाटकाला धरून उभी. माझ्या पाठोपाठ आली असणार. तिच्यामागे थोरली.

"सात म्हणजे लहानच असतं ना, मावशी?" बटणने विचारलं.

"लहानच!" मी तिच्यावरही ओरडले. आवाज खालीच येत नव्हता. "फार लहान असतं!"