पिवळ्या रंगाखालची अक्षरं

मित्रांनो, ज्याच्या टपावर कोंबड्या झोपतात आणि ज्याच्याकडे बघून घरातली माणसं तोंड फिरवतात, तो मी एक जुना लष्करी ट्रक आहे. माझ्यावर एक आळ आहे. तो खोटा आहे, पण ट्रकचं ऐकतो कोण?

माझा जन्म कारखान्यातला, पण संस्कार छावणीतले. तिथल्या वायरमनचा माझ्यावर भारी जीव. माझ्या दोन्ही बॅटऱ्यांची टोकं तो घासूनपुसून लख्ख ठेवायचा, त्यांना ग्रीस लावायचा. वायरींना कुठे उंदराचा दात लागलाय का, ते बोटांनी चाचपून बघायचा. माझे दिवे मात्र जगावेगळे. युद्धात चुकून दिवा लागला, तर शत्रूला ठिकाण कळतं. म्हणून डॅशबोर्डवरचा खटका बंद असेल, तर ब्रेक दाबूनही माझा मागचा लाल दिवा लागत नाही. साध्या रस्त्यावर जायचं, तर खटका एक घर पुढे करावा लागतो. खटक्याशेजारच्या पत्र्यावर तसं कोरलेलंच होतं. तरीही वायरमन रोज एकाला माझ्या मागे उभं करायचा आणि ब्रेक दाबायचा.

"पेटला का रे?"

"पेटला!"

त्यानंतरच माझी चाकं हलायची.

पुढे नवे ट्रक आले आणि मी नकोसा झालो. लिलावात मला एका लाकूडवखारीच्या मालकाने घेतलं. हौस दांडगी! आल्या आल्या त्याने मला हिरव्याचा पिवळा केला. बाहेरून केला ते ठीक. पण या बहाद्दराने आत बसून डॅशबोर्डही रंगवला, आणि त्या पत्र्यावरही सढळपणे दोन हात मारले. अक्षरं बुजली.

मालकाचा धाकटा भाऊ वखारीतच काम करायचा. मी माल घेऊन निघालो, की तो मोटरसायकलवरून माझ्या मागोमाग यायचा. लाकडं घसरू लागली तर हाक मारायला कुणीतरी हवं ना! एकदा मालकाच्या बायकोच्या लक्षात आलं.

"अहो, ब्रेक दाबला तरी याचा मागचा दिवा लागत नाही. भाऊजी मागे असतात. दाखवून घ्या ना कुणाला तरी."

"दिवसाउजेडी दिवा कशाला हवाय? मागे आपलाच माणूस असतो. मी कुठे थांबतो ते त्याला बरोबर कळतं."

त्याच आठवड्यात उतारावर एक कुत्रं आडवं आलं. मालकाने करकचून ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबलो, माझे ब्रेक लष्करातले. मागे दिवा लागला नाही. धाकटा थेट माझ्या मागच्या फळीवर आदळला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तो दवाखान्यात असताना मालक एकटाच माझ्यात येऊन बसला. आधी नखाने, मग किल्लीने त्याने पत्र्यावरचा रंग खरवडला. अक्षरं उघडी पडली. त्याने ती वाचली, खटका एक घर पुढे केला आणि ब्रेकवर पाय ठेवला. आरशात मागची चुन्याची भिंत लाल झाली. त्याने पाय उचलून पुन्हा दाबला; भिंत पुन्हा लाल झाली. मला वाटलं, आता हा उतरेल आणि खरं काय ते सांगेल.

"अहो, काही सापडलं का?" बायकोने अंगणातून विचारलं.

"काय सापडणार? वायरी कुजल्यात सगळ्या. भंगार मारलं आपल्या गळ्यात."

मग त्याने खटका मागे घेतला आणि अक्षरांवर पुन्हा पिवळा रंग फासला. बॅटऱ्याही काढून टाकल्या, म्हणजे कुणी खटका पुढे करून ब्रेक दाबला, तरी दिवा लागायला नको.

धाकटा घरी आला, तो कुबड्या टेकत सरळ माझ्या मागे. त्याने एक कुबडी उचलली आणि माझ्या लाल दिव्यावर घातली. काच फुटली.

"दादा, याला आधीच मोडीत घालायला हवं होतं!" तो रडत म्हणाला.

"हो रे," मालक म्हणाला आणि त्याला धरून घरात घेऊन गेला.

मित्रांनो, बॅटरीची टोकं पुसा, वायरी तपासा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागतो, की निघण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून विचारा. तो 'नाही पेटला' म्हणाला, तर त्याचं ऐका. माझा दिवा धडधाकट होता, हे त्या घरात एकालाच ठाऊक आहे. तो रोज धाकट्याला हाताला धरून माझ्यासमोरून नेतो.