तांब्याच्या पाटीवरलं नाव

मिरकरवाड्यात मालनच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काचेच्या टाकीत तपकिरी पाणी खदखदत होतं आणि खाली ना चूल, ना स्टोव्ह. नुसतं भगवं फडकं.

“दर्या बोलतोय,” मालननं बोलावलेला बुवा म्हणाला. “तुमच्या ट्रॉलरला मासळी का गावत नाय, करणी कुणी केली, ते तोच लिहून देईल. आपण काय, साधे पोस्टमन.”

त्यानं तांब्याची कोरी पाटी पाण्यात सोडली आणि लांबलचक आरती लावली. आरती संपली तेव्हा तांबं गायब होऊन खालची फिकट पाटी उघडी पडली होती. तांब्याची फक्त अक्षरं उरली होती: दर्शना.

मालनची धाकटी सून दर्शना खांबाला टेकली. ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, पण त्या घटकेला शिकलेलं काही आठवेना.

“काय केलंस गो माझ्या घराचं?” मालन म्हणाली. “आत्ताच्या आत्ता नीघ. पोर इथंच राहील.”

दर्शनाची छोटी लेक सानवी थोरल्या जावेच्या कडेवर रडत होती. नवरा संदेश खाली मान घालून उभा. दर्शनाला इतकी भीती कधी वाटली नव्हती. लोकांच्या नजरा चुकवायला म्हणून तिनं टाकीकडे पाहिलं.

बुडबुडे एकाच कोपऱ्यातून रांगेनं वर येत होते. उकळी अशी येत नाही. बुवाची बोटंही पिवळट तपकिरी होती. घरी मोरीत सर्किट बोर्ड बनवताना तिची व्हायची, तशीच.

ती पुढे झाली. तिनं काचेला हात लावला.

“गार आहे. आई, तुम्हीच बघा.”

“दर्या कोपेल,” बुवा गुरकावला.

तिनं फडकं ओढलं. खाली माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप घुरघुरत होता. त्याची नळी टाकीत गेली होती. बुवा चपला शोधायला लागला, तसं गर्दीतल्या दोघांनी त्याला धरून बसवलं.

“शेजारच्या शिवाभाऊंनी याला उद्या बोलावलंय. झोळीत त्यांच्या घरी दाखवायची पाटी असेल. तीही सोडूया,” दर्शना म्हणाली.

पाटी निघाली, कोरी करकरीत. ती पाण्यात टाकून दर्शना बोलत राहिली.

“हे तांबं खाणारं रसायन आहे. पाटीवर तांब्याचा नुसता पातळ थर असतो. आधी पारदर्शक नेलपॉलिशनं नाव लिहायचं. ते दिसत नाही, पण त्याखालचं तांबं वाचतं. बुडबुडे रसायन ढवळत राहतात, तांब्याला सारखं ताजं लागतं, म्हणून काम झटपट होतं. नाहीतर आरती पुरली नसती.”

आरतीएवढा वेळ गेला आणि अक्षरं उमटली: मालन.

मालन मटकन खाली बसली.

“मी नाय गो काय केलं,” ती पुटपुटली.

“मीही नव्हतं केलं, आई.”

दर्शनानं सानवीला कडेवर घेतलं.

“पुन्हा कुणाचं नाव निघालं,” ती सगळ्यांना म्हणाली, “तर बाईला घराबाहेर काढण्याआधी विचारा, हे लिहिलं कुणी.”